निसवणे : तुमच्याकडं शाळू निसवतो का?

जतची_लेक

धागा काढायचं कारण थोडं हसण्यासारखं आहे. (शाळू म्हणजे रब्बी ज्वारी.) परवा सकाळी माहेरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आईचा मेसेज, "वरच्या रानातला शाळू सगळा नासवला." बास, पुढं काही नाही. मी इकडं सांगलीत डबे भरत होते, तव्यावरची चपाती करपली, पुण्याच्या बहिणीनं लगेच रडका इमोजी टाकला, धाकट्यानं विचारलं रानडुकरं का, काका म्हणाले आधी फोटो काढा मग पंचनामा. आणि आई फोन उचलेना, कारण ती त्याच रानात अन् फोन घरात चार्जिंगला! अर्ध्या तासानं उचलला तर म्हणते, "नासवला कुटं, निसवला म्हणून लिवलंय की मी." फोनला निसवणे ठाऊक नाही, त्यानं आपल्या मनानं नासवून टाकलं.

हसून झालं, पण संध्याकाळी मुलगी विचारती, निसवणे म्हणजे काय गं. नववीत आहे, मराठी माध्यम. म्हटलं कणीस येणे. म्हणजे उगवणे? नाही, उगवतं ते जमिनीतनं. मग फुलोरा येणे? नाही गं, फुलोरा नंतर. मग वाढणे? आणि मी अडकले, कारण शब्द तोंडात आहे पण सांगताना दुसरा शब्दच सापडेना.

शेवटी असं सांगितलं. शाळूच्या ताटाचं सगळ्यात वरचं पान जिथनं निघतं तिथं खाली फुगतं, हातानं दाबलं की आत काहीतरी भरीव लागतं, ती पोटरी (पायाची पोटरी असती ना, तसाच फुगार). आत कणीस असतं पण दिसत नाही. मग एका सकाळी त्या पानाच्या मिठीतनं कणसाचं टोक वर आलेलं दिसतं, हिरवट, ओलसर, पानाच्या शिरांचे वळ उमटलेले, नुकतं न्हाऊन आलेल्या पोराच्या केसासारखं चापून बसलेलं. ते म्हणजे निसवणे. दोन-तीन दिवसांत पूर्ण बाहेर येतं, मोकळं होतं, मग पिवळी धूळ धरतं, तो फुलोरा. तो पण वरनं सुरू होतो आणि खाली खाली उतरत जातो.

आता माझा खरा प्रश्न. माझं सासर वाळवा तालुक्यातलं, सगळा ऊस. उसाला तुरा येतो, तो पण वरच्या पानाच्या पोटातनंच बाहेर येतो, म्हणजे झाडाच्या लेखी दोन्ही एकच. पण सासूबाई कधीच ऊस निसवला म्हणत नाहीत, तुरा आला म्हणतात, ते पण वाईट तोंड करून. असं का? आणि हा शब्द कुठं कुठं चालतो?

वाळवेकर

ताई उसाचं नाव काढू नका, जखमेवर मीठ चोळताय. गेल्या वर्षीच्या जुलैतली आडसाली लागण (दीड वर्षाचं पीक), ८६०३२ जातीचा ऊस, याला तुरा कमी येतो म्हणून मुद्दाम घेतलेला. आता सतरावा महिना चाललाय, तोडीची तारीख तीन वेळा मिळाली अन् तीन वेळा टोळी दुसऱ्याच्या फडात गेली, कारखान्याचं नाव घेत न्हाई, सगळीकडं तीच रड हाय. आज बांधावर उभं ऱ्हायलं की रान पांढरं फेक दिसतंय. पावणा आला तर म्हणतो, वा काय शिन हाय, एक फोटो काढतो. म्हटलं काढ बाबा, तुझं काय जातंय.

ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी : तुरा आला म्हंजे शेंडा संपला, ऊस तिथनं पुढं वाढतच न्हाई. लगेच तोडला तर फार बिघडत न्हाई, पण महिना दोन महिने तसाच उभा ऱ्हायला की आतनं दशी पडती म्हंजे पोकळ हुतो, बाजूच्या डोळ्यांना पांगशा (फुटवे) फुटत्यात, वजन गेलं. मग असल्याला निसवला म्हणायला जीभ तरी वळंल का.

माणदेशी

दहिवडीकडचा. आमच्यात हा शब्द रोजचा. आणि त्याचे दर्जे पण आहेत बघा : "एखादं-दुसरं निसवलंय", "निम्मा निसवला", "एकसारखा निसवलाय". हा शेवटचा सगळ्यात भारी. शाळू एकसारखा निसवला म्हणजे पेरणी एका वाफशावर झाली, ओल सगळीकडं सारखी होती, पुढं काढणी पण एकदम. पुढंमागं निसवला तर पाखरं आधी निसवलेल्यावर बसतात अन् राखणीचे दिवस वाढतात.

आणि एक वाईट रूप आहे. निसवताना ओल कमी पडली तर कणीस पुरं बाहेरच येत नाही, बुडखा पानातच अडकून राहतो. मागं एकदा आमची पाण्याची पाळी बारा दिवस पुढं गेली, नेमकी पोटरीत असताना. सगळं रान अर्धवट निसवलं. वरचा निम्मा भाग भरला, खालचा पानात कुजकट, काळपट. माझा आजा ते बघून एवढंच म्हणाला की "आडलं." बाई अडती तसं. पुढं काही बोलला नाही, बांधावर बसून तंबाखू मळत राहिला.

शब्दखोर

जतची लेक, धागा आवडला. व्याकरणाची एक गंमत सांगतो. निसवणे ऐकायला प्रयोजक वाटतं, हसणे-हसवणे, बसणे-बसवणे, नासणे-नासवणे या चालीचं. पण ते तसं नाहीये. "शेतकऱ्याने शाळू निसवला" असं म्हणून बघा, चुकतं. शाळू आपला आपण निसवतो, तुम्ही फक्त बघायचं. पालवणे, फोफावणे यांच्या पंगतीतलं हे क्रियापद, -वणे असूनही अकर्मक. तुमच्या फोननं त्याचं नासवला केलं म्हणजे अकर्मकाचं सकर्मक केलं, मग साहजिकच सगळ्यांनी विचारलं की कोणी नासवला!

जुन्या कोशात शोधणार असाल तर मोल्सवर्थमध्ये (१८५७ची दुसरी आवृत्ती) निसवणें असं शेवटच्या अनुस्वारासकट टाका, नाहीतर सापडत नाही आणि मग लोक म्हणतात की शब्दच नाही.

परभणीची_सून

थांबा थांबा. आमच्याकडं निसणे वेगळंच आहे, भाजी निसणे! मेथी निसायची, चुका निसायचा, म्हणजे काड्या काढून पानं निवडायची. मी लग्न होऊन कराडला आले तेव्हा सासूला म्हणाले मेथी निसून ठेवते, त्या म्हणाल्या काय करून ठेवतीस?? मग "पोरीकडून मेथी निसवून घेतली" हे आमच्यात एकदम बरोबर वाक्य आहे आणि ते प्रयोजकच आहे.

शब्दखोर

@परभणीची_सून हो की! ते लक्षातच आलं नाही. म्हणजे निसवणे दोन झाले, एक तुमच्या निसणेचं प्रयोजक आणि एक शेतातलं. तुमच्या परभणीत ज्वारी भरपूर, तिथं ज्वारी निसवली पण म्हणतात ना?

परभणीची_सून

म्हणतात तर. पण कधी गोंधळ होत नाही. ज्वारी निसवली, मेथी निसवून घेतली. कोण कुणाला निसतंय ते कळतंच की :)

रावेरचा_केळीवाला

जळगाव जिल्ह्यातून हजेरी. आमच्याकडे केळी निसवते. शाळूवाल्यांनी मक्तेदारी सांगू नये, हा हा. केळफूल खोडाच्या आतून चढत चढत वर येतं आणि शेवटच्या पानातून बाहेर पडतं, ती निसवण. बागेचं सगळं गणित तिथून सुरू होतं. लागवड कधी केली ते व्यापारी नंतर विचारतो, आधी विचारतो निसवण कधी झाली, कारण निसवल्यापासून साधारण तीन ते चार महिन्यांनी घड कापणीला येतो. "बाग सत्तर टक्के निसवली" असं बोलतात. थंडीत निसवण अडकते तेव्हा घड बाहेर यायला त्रास होतो, घड वाकडातिकडा येतो, माणदेशी भाऊंनी सांगितलं तसंच अडणं.

दापोलीचा_बाब्या

आमच्या कोकणात भात पसवतं. काही जण पोसवतं म्हणतात. आणि रावेरवाल्यांची केळ निसवते, आमची सरळ व्याते. "मागीलदारची केळ व्याली" म्हटलं की कोणी गोठ्याकडे पळत नाही.

जतची_लेक

अय्या, केळ व्याली :D पण बघा ना, पसवणे म्हणजे प्रसवणेच की, तुमच्यात व्याली, माणदेशी दादांच्या आजोबांचं आडलं, आमच्यात पोटऱ्यात आलेल्या शाळूला "पोटाशी हाय" म्हणतात. म्हणजे सगळीकडं बाळंतपणच चाललंय. मग मला वाटतं उसाचं उत्तर इथंच आहे. ज्याच्यातनं खायला काही येणार त्याचं निसवणं. केळफुलातनं घड, कणसातनं दाणे. उसाच्या तुऱ्यातनं काय येतं? काहीच नाही, उलट आहे ते जातं. मग तो नुसता येतो, पावण्यासारखा.

कोयनाकाठ

पाटण तालुका. आमच्या खालच्या खाचरात भात निसवतं आणि वरकस रानात नाचणी निसवती, दोन्हीला चालतं. भाताचं एक वेगळं आहे, शाळू निसवल्यावर फुलायला दोन-चार दिवस घेतो, भात निसवतं त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी फुलायला लागतं. सकाळी नऊ-दहा ते दुपारच्या आत, बारीक बारीक पांढरे केसर लोंबताना दिसतात. त्या घडीला जोराचा पाऊस आला की संपलं, लोंबी दिसायला दिसती पण हातात चोळली की नुसतं पळींज, आत दाणाच नाही. म्हणून आमच्यात निसवतं भात अन् पावसाचं ढग ह्यावर घरात कोण मोठ्यानं बोलत नाही. मागच्या खेपेला माझा मामा उठून बाहेर गेला होता, पोरानं "पाऊस येतोय" म्हटलं म्हणून.

कृषीपदवीधर

सगळं छान पण मी म्हणतो एवढं भावनिक कशाला व्हायचं. फुलोरा अवस्था म्हटलं तरी काम भागतं. सल्ला पत्रिकेत तेच असतं. रब्बी ज्वारीला पाणी, पेरणीपासून : २८-३० दिवस, पोटरी ५०-५५, फुलोरा ७०-७५, दाणे भरताना ९०-९५. चार पाणी, चार शब्द. निसवणे यात कुठे बसतं?

माणदेशी

साहेब बसतं की, पोटरी अन् फुलोरा ह्याच्या मधी बसतं, म्हणून तर पत्रिकेत नाही. तुम्ही दिवस मोजता, आमचं हलकं रान दिवस मोजत नाही. तुमचं ते ५०-५५ वाचून माझ्या भावानं पत्रिकेबरहुकूम त्रेपन्नाव्या दिवशी पाणी द्यायचं ठरवलं, लाईट रात्रीची, तवर शाळू निसवायला लागलेला कारण त्या साली आधीच ताण बसून पीक पुढं पळालं होतं. आजा असता तर कागद न बघता रानात शिरला असता, दोन ताटं चिमटीत दाबली असती अन् सांगितलं असतं आजच मोटर लाव. फुलोरा अन् निसवणे एकच म्हटलं तर तेवढ्यात चार-पाच दिवस हातचे जातात. शब्द कमी केला की दिवस पण कमी होतो.

कृषीपदवीधर

बरं, मान्य. मी भाषेचं म्हणत नव्हतो, फॉर्म भरताना काय लिहायचं ते म्हणत होतो.

माणदेशी

फॉर्ममध्ये लिहा हो काही पण.

तासगावची_बाग

द्राक्षवाल्यांनी पण काहीतरी बोलावं म्हणून आलो. आमच्यात निसवणे नाही. ऑक्टोबर छाटणी झाली, पेस्ट लावली, डोळे फुगले, डोळे फुटले, पोंगा झाला, आणि मग घड "निघाला" किंवा "दिसला". पण आमच्याकडं ह्याच्या उलटं क्रियापद आहे, तसलं तुमच्यात कोणाकडं नसणार : घड जिरणे. डोळ्यातनं घड दिसतो, बारका, तांदळाएवढा, तुम्ही खूष, आणि चार-आठ दिवसांत ढगाळ हवा, नाहीतर एप्रिल छाटणीनंतर काडीत साठा झालेला नसतो, की तो घड बघता बघता बाळी होतो, वेलीची ती तार असते ना वळणारी, तसली. गळून पडत नाही, वाळत नाही, जिरतो. पाणी जमिनीत जिरतं तसा वेलीत परत जिरतो. सकाळी बागेत बाप-लेक पुढं-मागं चालत घड मोजतात आणि परतताना दोघं पण काही बोलत नाहीत, तेव्हा आईला चुलीपाशी कळतं की जिरले. आणि मग भावकीतलं कोणतरी म्हणतंय, लई माज होता, जिरला. एकाच क्रियापदात दोन्ही.

जतची_लेक

@तासगावची_बाग अंगावर काटा आला वाचताना. माझ्या मावशीची बाग आहे कवठेमहांकाळला, तिच्या तोंडून घड जिरले ऐकलंय पण कधी विचारच केला नाही की हे क्रियापद काय करतंय.

आंबोलीला_नोकरीला

जतची लेक यांच्या थिअरीला छोटा खिळा ठोकतो. मूळ मिरजेचा. तुरा सगळीकडे नकोसा नाही बरं. उसाच्या नवीन जाती तयार करायच्या तर तुराच लागतो, एकाचा पराग दुसऱ्यावर घ्यायला. आपल्याकडच्या हवेत तुरा आला तरी त्यात रुजणारं बी धरायची मारामार. म्हणून ऊस पैदास कोइमतूरला चालते, १९१२ पासूनची संस्था आहे तिथे, आणि आपल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं पैदास केंद्र इथे आंबोलीत आहे, कारण इथल्या हवेत ऊस चांगला फुलतो. वाळवेकर दादांचा ८६०३२ पण मूळ कोइमतूरचाच, पाडेगावला (फलटण तालुका, १९३२ पासूनचं केंद्र) पारखून मग आपल्याकडे आला. म्हणजे तो कधीतरी कुठल्यातरी तुऱ्यातूनच जन्मलाय. दिवस साधारण साडेबारा तासांवर येऊन आणखी लहान होत चालला की उसाच्या शेंड्याला ते कळतं आणि तो पान काढायचं सोडून तुरा काढायच्या मागे लागतो. इथे तुरा दिसला की लोक खूष होतात!

वाळवेकर

मग आंबोलीत ऊस निसवला म्हणतात का?

आंबोलीला_नोकरीला

नाही हो. इथे पण तुरा आला म्हणतात.

जतची_लेक

खिळा वाकला तुमचा :)

मिरज_मका

मक्याचं कोणी काढलं नाही म्हणून. मक्याला शेंड्याला तुरा पडतो आणि कणीस कमरेला, मग कणसाला केस येतात. निसवणे आमच्या घरात मक्याला वापरत नाहीत, कारण काय बाहेर आलं म्हणायचं, वरचं का खालचं? वर आला तो तुरा, खायचा नाही. खालचं कणीस शेवटपर्यंत पानात गुंडाळलेलंच, ते बाहेर येतच नाही, आपणच सोलून काढायचं. म्हणजे दोन्ही अटी कुठंच एकत्र नाहीत.

शब्दखोर

हे आवडलं. म्हणजे मिठीतून सुटून वर यायला पाहिजे आणि जे सुटलं तेच पुढे भरायला पाहिजे. उसात पहिलं आहे, दुसरं नाही. मक्यात दोन्ही आहेत पण दोन वेगळ्या ठिकाणी. कोणी गव्हाचं सांगा, गहू निसवतो की नुसती ओंबी येते?

कोयनाकाठ

गहू निसवतो. ओंबी पण येती. दोन्ही चालतं.

जतची_लेक

आज सकाळी आईला फोन केला, तुमचे सगळ्यांचे निरोप वाचून दाखवले. केळ व्याली ऐकून खूप हसली. उसाचं विचारलं तर म्हणाली, "तुऱ्याला काय निसवायचं, त्याला काय हुरडा येतूय व्हय?" मुलीनं ते वहीत लिहून घेतलंय. आणि खालच्या रानातला पण निसवला म्हणे, हे मात्र फोनवरच सांगितलं, मेसेज करायचा नाही अशी तिला घरातनं ताकीद आहे.

वाळवेकर

टोळी आली एकदाची. बीडकडची हायत, नवरा-बायको अन् म्हातारी. दोन दिस झाले तोड चाललीय. काल दुपारी बाई मोळी बांधता बांधता थांबली, शेंड्याकडं बघून म्हणाली, "भाऊ, तुऱ्याच्या उसाला वाढं निघत नाही, आम्ही संध्याकाळी इकायचं काय?" खरंय तिचं, वाढं म्हंजे शेंड्याचा हिरवा पाला, वैरणीचा, त्याच्या पेंड्या विकून त्यांचा बाजार हुतो अन् शेंड्याला हिरवं पानच न्हाई उरलं. मी आपला तुमच्या धाग्याचं डोक्यात म्हणून विचारलं, गावाकडं ज्वारी हाय का. हाय म्हणाली, अडीच एकर, दिराच्या ताब्यात ठिवलीय. कशी हाय? तर कोयता खाली ठिवला, तुऱ्याची बारीक पिसं केसात अडकलेली, ती झटकली अन् म्हणाली, "परवाच फोन आला, निसवली. मी काय बघितली नाही अजून."